ल्यूबेकच्या बाईचा पाय

बाबाने बाडेनवायलरला सावली धरली, ही बातमी मला घरात नाही, बाजारात कळली. फ्रायबुर्गला मुन्स्टर चर्चच्या चौकात माझा सॉसेजचा गाडा आहे. मी जाळीवरची लांब लाल सॉसेजं परतत होते, तेवढ्यात शेजारचा मधवाला झेप अख्ख्या चौकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "काय गं रीके, या वयात सावत्र आई येणार म्हणे!"

"कुणाला?"

"तुलाच की. शनिवारी येतेय. तुझा बाप, ओयगेन, स्वतः सांगून गेला. ल्यूबेकची आहे. हसते छान म्हणे."

समोरच्या गिऱ्हाइकाने कांद्याशिवाय मागितलेलं सॉसेज मी कांदा घालून दिलं. तो काही बोलायच्या आत त्याच्याकडे असं पाहिलं की बिचारा मुकाट्याने खायला लागला.

सावली म्हणजे काय ते आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. माणूस उपचारासाठी तीन आठवडे गरम पाण्याच्या गावी जातो. सकाळी पाण्यात डुंबायचं, दुपारी मालीश, संध्याकाळी बागेतल्या बँडसमोर बसायचं. जेवणाच्या टेबलावर रोज समोर तेच एक माणूस. मग दोघं बरोबर फिरायला लागतात, आणि लोक म्हणतात, ह्याला सावली मिळाली. त्यात कुणी फार काही मनावर घेत नाही, कारण तीन आठवडे संपले की सावली आपल्या गावी आणि माणूस आपल्या. सावलीला कुणी घरी बोलवत नाही. कुठे लिहून ठेवलेलं नसलं तरी हा नियम आहे, आणि माझ्या शहात्तर वर्षांच्या बापाने तो मोडला होता.

खुब्याचा सांधा बदलला म्हणून विमावाल्यांनी त्याला जूनमध्ये बाडेनवायलरला पाठवलं. परत आला तो गुणगुणतच. मी म्हटलं, खुबा बरा झाला म्हणून खूश आहे. कसली मी शहाणी!

झेपने सांगितलं त्या दिवशी घरी पाव कापता कापता मी विचारलं, "कोण येतंय शनिवारी?"

"अं? आल्मुट. आल्मुट टीडेमान." त्याने बटर फासायला नको तितका वेळ लावला. "तिकडे ओळख झाली. शहर बघायचंय तिला. आणि रविवारी म्हटलं, तिघं मिळून बाडेनवायलरला जाऊन येऊ."

"उतरणार कुठे?"

"हॉटेलात. तीच म्हणाली, रीकेला त्रास नको."

म्हणजे तिला माझं नावसुद्धा माहीत होतं. मला ती येणार हे झेपकडून कळू नये एवढीही काळजी ह्याने घेतली नाही, आणि तिला मात्र मी काय खाते, कधी झोपते सगळं सांगून झालं असणार. मी उरलेला पाव परत कागदात गुंडाळला.

आधीच सांगते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको. मला बाबा हवा होता. पूर्ण हवा होता. आई गेल्याला नऊ वर्षं झाली. त्याच्या आधीच मी नवऱ्याला सोडून परत आले होते. नवरा स्टुटगार्टचा होता; त्या चिक्कू लोकांशी आमचं जन्मात पटत नाही, म्हणून आमच्याकडे एवढं सांगितलं की लोक पुढचं विचारत नाहीत. तेव्हापासून घरात आम्ही दोघंच. रोज सकाळी तो काठी टेकत गाड्यावर यायचा, पहिल्या सॉसेजचा तुकडा तोंडात टाकायचा आणि म्हणायचा, "मीठ बरोबर आहे." बस. आमचं प्रेम एवढ्यात मावत होतं आणि मला ते पुरत होतं. आता कुणी उपटसुंभ बाई येऊन एक तर त्याला उत्तरेला समुद्राकाठी घेऊन जाणार, नाही तर माझ्या स्वयंपाकघरात उभी राहून मीठ चाखणार. दोन्ही मला नको होतं.

शनिवारी मी गाडा बंद ठेवला. सणासुदीलासुद्धा बंद नसतो. झेप म्हणाला, "पहारा द्यायला चाललीस होय?" मी म्हटलं, "तू तुझ्या माश्या सांभाळ."

स्टेशनवर मी लाल ओठांची, अत्तर शिंपडलेली बाई शोधत होते. उतरली ती उंच, हाडापेराने मजबूत, कापलेल्या पांढऱ्या केसांची, पिवळा रेनकोट घातलेली. पायात पुरुषी सपाट बूट. पाय तर एवढे मोठे की तिच्या बुटांत बाबाचे सहज मावले असते. तिने आधी बाबाच्या गालाला गाल लावला आणि मग माझा हात असा हलवला की खांद्यापर्यंत कळ गेली.

"तुम्ही रीके. ओयगेन म्हणाला होता तशाच आहात."

कशी म्हणाला होता, हे मी विचारलं नाही. मला 'ओयगेन' ऐकूनच नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या. आई त्याला 'ओयगे' म्हणायची. ही त्याचं अख्खं नाव घ्यायची, शेवटचं अक्षर चॉकलेटसारखं तोंडात घोळवत.

आणि बाबा! घरात ज्याच्या तोंडून चार वाक्यं काढायची तर संध्याकाळ लागते, तो स्टेशनपासून बोलत सुटला. स्टुटगार्टचा माणूस आणि हरवलेलं नाणं, हा त्याचा एक विनोद आहे. मी तो चाळीस वर्षं ऐकतेय. आल्मुट थांबून, पोट धरून हसली. बाबाला एवढा चेव आला की पुढच्या कोपऱ्यावर त्याने तो पुन्हा सांगितला, आणि ती पुन्हा हसली. खोटं हसत असती तर बरं झालं असतं.

आता पाटांचं सांगायला हवं. आमच्या जुन्या शहरात गल्लोगल्ली रस्त्याच्या कडेने दगडी पाट वाहतात. हातभर रुंद, घोटाभर पाणी, डोंगरातून आलेलं. आम्ही झोपेतसुद्धा ते ओलांडतो. बाहेरचे लोक मात्र चर्चच्या मनोऱ्याकडे बघत चालतात आणि पचकन पाय घालतात. आणि ज्या परक्याचा पाय पाटात पडला, त्याचं लग्न फ्रायबुर्गच्या माणसाशी होणार, असं आमच्याकडे मानतात. हसू नका. माझी आई बाझेलची. तिचा पडला होता. माझ्या नवऱ्याचा पडला होता, तेव्हा मी टाळ्या पिटल्या होत्या. झेपची बायको तर पाटात सपशेल बसली होती. विश्वास आहे का विचाराल तर नाही म्हणेन, पण अपशकुन नको म्हणून मी कधी शिडीखालूनही जात नाही.

म्हणून स्टेशनवरून जुन्या शहरात शिरताना मी पहिलं काम काय केलं, तर त्या बाईच्या दंडाला धरलं.

"तुमचा गुडघा जपायला हवा, टीडेमानबाई. इथले दगड फार गुळगुळीत आहेत."

"अहो, गुडघा ठणठणीत आहे माझा."

"तसंच वाटतं सगळ्यांना."

आणि मग मी तिला सोडलं नाही. मुन्स्टरच्या चौकात झेपने मधाची बाटली पुढे केली, तिथे ती मागे सरकली, मागे पाट. मी ओढलं. मार्टिन वेशीजवळ ट्राम आली, आम्ही कडेला झालो, कडेला पाट. तिचा तो मोठा बूट पाण्यावर आलेला मी डोळ्यांनी पाहिला, आणि खेचली तिला अशी की ती माझ्या अंगावरच आली. "बघा," मी म्हटलं, "म्हटलं नव्हतं? गुळगुळीत आहेत." बाबा आमच्या मागून काठी टेकत येत होता. त्याची नजर सारखी खाली, तिच्या पायांवर. मला तर त्याचाही राग आला. म्हातारपणी बाईचे पाय काय बघायचे!

तिसऱ्यांदा कोव्हिक्ट गल्लीत. तिथे चढ आहे आणि पाट बारीक आहे. ती अगदी कडेने चालायला लागली. मी तिला भिंतीकडे ढकलत होते, ती पाटाकडे येत होती. एका जागी ती थांबली आणि माझ्या तोंडाकडे पाहिलं. मीही पाहिलं. माझी पकड काही सैल झाली नाही. मग तिने पाय उचलला, पाटापलीकडच्या कोरड्या दगडावर अलगद ठेवला आणि म्हणाली, "छान आहे हं तुमचं शहर." मला जिंकल्यासारखं वाटलं.

जेवायला बाबाच्या नेहमीच्या वाईनच्या दुकानात गेलो. सप्टेंबर होता, नवी गढूळ वाईन आली होती, तिच्याबरोबर आमच्याकडे कांद्याचा केक खातात. त्याची भाजून काळपट झालेली कड म्हणजे जीव. लहानपणापासून बाबा ती कड कापून माझ्या बशीत टाकतो. त्या दिवशीही कापली. सुरीच्या टोकावर धरली. आणि वाढली तिच्या बशीत. माझ्याकडे बघितलंही नाही, सवयीने जावं तितक्या सहज हात तिकडे गेला. ती कड तिने कुरकुर चावून खाल्ली. मी वाईन अशी घटाघटा प्यायले की मालकीणबाई येऊन विचारून गेली, बरं आहे ना म्हणून.

मग आल्मुटने ग्लास उचलला. "रीके, आपण हे अहोजाहो सोडूया का? मी मोठी आहे, तेव्हा मीच म्हणते. मी आल्मुट."

आमच्याकडे हे असंच होतं. वयाने मोठा असेल त्याने म्हणायचं, धाकट्याने ग्लासाला ग्लास लावायचा आणि तेव्हापासून 'तू'. नाही म्हणणं म्हणजे तोंडावर दार आपटणं. मी ग्लास खाली ठेवला.

"माझी जीभ नाही वळायची, टीडेमानबाई. राहू दे."

बाबा कानापर्यंत लाल झाला. माझं लाडाचं नावसुद्धा दटावल्यासारखं घेतलं त्याने. "रीकेले! काय हे?"

"राहू दे, ओयगेन," ती म्हणाली. "जीभ ज्याची त्याची असते." आणि तिने एकटीनेच ग्लास संपवला.

तिला हॉटेलवर सोडून घरी आलो. बाबा जेवला नाही. खिडकीशी बसून राहिला. तिथूनच म्हणाला, "तिनं सगळे पाट नीट ओलांडले, नाही?"

"मग! मी होते ना धरायला."

त्याने माझ्याकडे वळून पाहिलं. "हो. तू होतीस."

गुणगुणणं बंद झालं होतं. मला वाटलं, उतरली ह्याची झिंग. दिवसभर जवळून पाहिलं की कुणीही नकोसं होतं. मी त्या रात्री गाढ झोपले.

रविवारी म्युलहाइमपर्यंत रेल्वे आणि तिथून बसने वर. द्राक्षं काढायला आली होती. बाबा खिडकीबाहेर बघत होता, आल्मुट दुसऱ्या खिडकीबाहेर. आपली बॅग तिने हॉटेलातून बरोबरच घेतली होती. दोघांच्या मध्ये मी, आणि एकटी मीच बडबडत होते. एवढ्या मजेत मी कित्येक महिन्यांत नव्हते. बसमधल्या एका अनोळखी म्हातारीला मी पेपरमिंटसुद्धा दिली.

बाडेनवायलरला बागेत बँड चालूच होता. पांढरे झगे घातलेले लोक पाण्यातून बाहेर येऊन, उकडलेल्या बटाट्यासारखे वाफाळत, बाकांवर बसले होते. बाबा कॅफेच्या गच्चीवर जाऊन बसला. "माझा खुबा दुखतोय," म्हणाला. "तुम्ही दोघी रोमन अवशेष बघून या. मी केक सांगून ठेवतो." आदल्या दिवशी हाच खुबा चढ चढला होता.

मला त्या दगडांत काडीचा रस नव्हता. शाळेत असताना दर वर्षी आम्हाला तिथे आणून उभं करायचे. पण आल्मुट म्हणाली, "चला," आणि ह्या वेळी तिने माझा दंड धरला.

मोठ्या काचेच्या छपराखाली रोमन लोकांची स्नानगृहं आहेत. कमरेएवढ्या भिंती, कोरडे हौद. मधोमध एक भिंत, आणि तिच्या दोन्ही बाजूंना अगदी सारख्या खोल्या. आल्मुट त्या भिंतीपाशी थांबली.

"आम्ही रोज यायचो इथे," ती म्हणाली. "ओयगेन त्या बाजूनं फिरायचा, मी ह्या बाजूनं. तो म्हणायचा, ती पुरुषांची बाजू, ही बायकांची. एकमेकांना दिसायचो, पण भिंत मध्ये. पहिला आठवडा त्यानं नुसतं सॉसेजबद्दल सांगितलं. दुसऱ्या आठवड्यात तुमच्या आईबद्दल. ती गेली त्या दिवशी तो तळघरात जाऊन रडला म्हणे. वर तुम्ही रडत होतात, म्हणून त्याला वर रडता आलं नाही."

माझे कान तापले. बाबा रडला होता? मी नऊ वर्षं लोकांना सांगत होते की बाबाने कसं धीराने घेतलं. मला सांगितलं नाही. बाजूच्या खोलीत मी झोपत होते, त्याच्याच टेबलावर जेवत होते, आणि त्याने सांगितलं कुठे, तर ह्या फुटक्या भिंतीवरून एका परक्या बाईला. त्या क्षणी तिचा मला जितका हेवा वाटला तितका आयुष्यात कुणाचाच वाटला नाही. कांद्याच्या केकची कड त्यापुढे काहीच नव्हती.

"हे मला कशाला सांगता?"

"कारण मी सव्वातीनच्या बसनं जातेय." तिने बॅग दुसऱ्या हातात घेतली. "इथून निघताना त्यानं मला विचारलं होतं, लग्न करशील का. मी लगेच काही बोलले नाही. म्हटलं, आधी तुझ्या गावी येते. तुमच्या त्या पाटांचं त्यानंच सांगितलं होतं मला. मी म्हटलं, हो असेल तर तुझ्या पाटात पाय घालीन, तेच उत्तर समज. कोरडी राहिले तर समज की नाही. म्हाताऱ्या माणसांची गंमत हो. तोंडानं बोलायला लाज वाटते."

मी कोरड्या हौदाच्या काठावर टेकले.

"तीनदा उचलला पाय," ती म्हणाली. "रागावले नाहीये मी. पहिल्यांदा वाटलं, काळजीनं ओढताहेत. तिसऱ्या वेळी तुमचं तोंड पाहिलं. मला मुलं नाहीत, रीके. पण एवढं कळतं की एखादी मुलगी इतकं घट्ट धरत असेल तर त्या घरात रोज रस्सीखेच चालणार. बंदराच्या कचेरीत मी तीस वर्षं पुरुषांशी भांडले. आता माझ्यात भांडायची ताकद नाही. त्याला सांगा, मला समुद्राशिवाय करमत नाही. ते काही अगदीच खोटं नाही."

"तुम्हीच का नाही सांगत?"

"मला पाहिल्यावर तो विनोद सांगेल," ती म्हणाली, "आणि मी हसेन." मग ती बागेतल्या दुसऱ्या वाटेने खाली थांब्याकडे निघून गेली. पिवळा रेनकोट झाडांतून बराच वेळ दिसत होता.

मी जिंकले होते. म्हणजे अगदी पुरती. ती चालली होती, आपल्या पायांनी, वर माझं नाव न सांगता. मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं आणि ते वाक्यसुद्धा तिनेच हातात ठेवलं होतं.

गच्चीवर बाबापुढे आलुबुखाऱ्याच्या केकच्या तीन बशा होत्या. मला पाहून तो अर्धवट उठला. मला पाहून नव्हे. माझ्या मागे कुणी आहे का ते पाहायला.

"ती कुठंय?"

"चालली," मी म्हटलं. "सव्वातीनच्या बसनं. म्हणाली, समुद्राशिवाय करमत नाही."

तो खाली बसला. चमच्याने केकवरचं क्रीम एका बाजूला सारलं, परत मध्ये आणलं. मग माझ्याकडे बघून हसला. ते हसू मला ओळखीचं होतं. मी स्टुटगार्टहून बॅगा घेऊन परत आले, त्या दिवशी दार उघडताना तो असाच हसला होता. वाईट झालं, पण चला, असं.

"बरोबर आहे तिचं," तो म्हणाला. "झाड उपटून दुसरीकडे लावायचं वय नाही हे. मी उगाच... जाऊ दे. आपण दोघं आहोत की, रीकेले. तू आहेस." आणि तिची बशी माझ्या बशीशेजारी सरकवली. "घे. दोन्ही तुलाच."

हेच तर मला हवं होतं. शब्द अन् शब्द. पण ते म्हणताना त्याची नजर माझ्या डोक्यावरून त्या काचेच्या छपराकडे होती, आणि तो मला 'तू आहेस' असं म्हणत होता, जसं गिऱ्हाईक लाल सॉसेज संपलंय म्हटल्यावर म्हणतं, बरं, मग ते पांढरं द्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी कुणाचं उरलंसुरलं नाही! मला तो हवा होता, पण असा, तिने टाकलेला म्हणून माझ्या वाट्याला आलेला, मला नको होता.

"तिनं पाय उचलला होता!" मी ओरडले. शेजारच्या टेबलावरचे पांढरे झगे वळून बघायला लागले. "ऐकू आलं? तीनदा उचलला. चौकात, वेशीपाशी आणि कोव्हिक्ट गल्लीत. मी ओढलं तिला. मला काय माहीत तुमची ही पोरकट बोली! माहीत असती तर दोन्ही हातांनी ओढलं असतं!"

बाबाच्या हातातला चमचा खाली पडला. "तीनदा?"

"तीनदा."

"म्हणजे हो?"

"मला काय विचारतोस? खाली थांब्यावर उभी आहे, तिला विचार!"

मला वाटलं होतं, तो चिडेल. मला हवंच होतं त्याने चिडायला. निदान माझ्याकडे बघून तरी चिडला असता. पण राग यायलासुद्धा त्याच्याकडे वेळ नव्हता. तो उठला, काठी खुर्चीलाच राहिली, दोन टेबलं ओलांडून गेला. मग थबकला आणि परत आला. माझं काळीज उगीचच वर आलं. आता काहीतरी म्हणेल. मला.

तो माझ्यापुढे वाकला आणि हनुवटी वर केली. "टाय सरळ आहे का गं?"

टाय सरळ होता. मी तो सोडला.

"अगं, बस जाईल!"

"गबाळ्यासारखा जाणार आहेस का तिच्यासमोर?" मी म्हटलं आणि पुन्हा बांधायला घेतला. सावकाश. खाली थांब्यावर बस येऊन उभी होती, लोक चढत होते, पिवळा रेनकोट रांगेत शेवटी होता. बाबाचा श्वास माझ्या कपाळावर लागत होता. साबणाचा वास येत होता, नवा, मी आणून दिलेला नव्हता तो. गाठीचं एक टोक लांब झालं म्हणून मी ती पुन्हा सोडली. तो पायांवर नाचत होता, शाळेला उशीर झालेल्या पोरासारखा, पण माझे हात झटकले नाहीत त्याने. आईही त्याचा टाय अशीच बांधायची आणि तेव्हाही तो असाच हलायचा.

रांग संपली. पिवळा रेनकोट आत चढला. मी गाठ वर सरकवली, जरा जास्तच घट्ट.

"जा," मी म्हटलं.

आणि माझा शहात्तर वर्षांचा बाप, नवा खुबा घेऊन, काठीशिवाय, त्या उतारावरून पळत सुटला. हात हलवत होता, काहीतरी ओरडत होता. बँडच्या आवाजात काय ते मला ऐकू आलं नाही. बसचं दार लागलं. चाकं हललीसुद्धा. मी गच्चीच्या कठड्याला धरून उभी होते, आणि मी काय मागत होते ते मी कुणालाही सांगणार नाही.

आमच्याकडचे बसवाले कुणासाठी थांबत नाहीत. राजा आला तरी घड्याळ बघतात आणि निघतात. हा मेला थांबला.